आत वळवलेले बूट

"कुराहाशींच्या घरी पाहुण्याचे बूट दाराकडे वळवत नाहीत. तिथे कोणाची पोर ठेवू नकोस," शिंपल्या धुता धुता सासूबाई म्हणाल्या होत्या.

मी हसले. जपानमधल्या आमच्या मात्सुएत पाहुणा आत आला की त्याचे बूट टोकं दाराकडे करून ठेवतात, निघताना पाय सहज सरकावा म्हणून. एक बाई तेवढं करत नाही, म्हणून तिला वाळीत टाकायचं? मी शिकलेली. परदेशी विद्यार्थ्यांना राहायला घरं शोधून देणं हे कॉलेजात माझं काम. कुराहाशीकाकूंचं घर आमच्या शेजारचं, स्वच्छ, मूलबाळ नसलेलं. एप्रिलमध्ये सार्नाईला मीच तिथे नेऊन सोडलं.

सार्नाई मंगोलियाची, वीस वर्षांची, माझ्या नवऱ्याहून उंच, भुवईवर घोड्यावरून पडल्याचा व्रण. "ताई, तुमच्या गावात माझ्या मापाच्या फक्त होड्या मिळतात," म्हणत तिने आपले काळे बूट दारात काढले. काकूंनी ते वळवले नाहीत. मी वाकून वळवले, तर त्यांनी हसत पुन्हा आत फिरवले.

"घरच्या माणसाला कुठे जायचंय?"

गल्लीच्या सूचनांची पाटी घरोघर फिरते. आमच्याकडून ती त्यांच्याकडे जाते, त्यामुळे दर दहा दिवसांनी मी त्या दारात उभी असायचे. मे महिन्यात काळ्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे दिसले. पावसाची ओल शोषायला सगळेच घालतात. पण सार्नाईने बोळे न काढताच पाय घातले आणि निघाली.

जूनमध्ये तिच्याशी बोलताना मला मान वर करावी लागली नाही.

"बारीक झालीस गं."

"छे हो ताई. काकू तर वाढतच असतात." ती खुशीत होती. काळ्या बुटांच्या जागी निळे होते. माझ्या मापाचे.

मी कॉलेजातल्या साहेबांकडे गेले. "घरची आठवण येते, मुलं खंगतात," ते म्हणाले. "मिसातोबाई, आई झाल्यापासून तुम्ही फार काळजी करता." समोरचा चहा त्यांच्या टाळक्यावर ओतावासा वाटला. मी जुन्या नोंदी काढल्या. त्या घरी आधी तीन मुली राहिल्या होत्या. आल्याची तारीख तिघींची होती. गेल्याची एकीचीही नव्हती.

"लिहायचं राहून गेलं असेल," साहेब म्हणाले.

जुलैत भर दुपारी मी माझ्या मुलीला, चार वर्षांच्या कोनात्सुला, घेऊन तिथे गेले. "सार्नाईला बोलवा. आजपासून ती माझ्याकडे राहील."

ती आली. डोक्यावर पहिलीतल्या मुलांची पिवळी टोपी. टोपी माझ्या कमरेला लागत होती. भुवईवरचा व्रण तोच होता.

"चल." मी तिचा हात धरला.

तिने काकूंकडे पाहिलं. "या कोण?"

"शेजारच्या काकू. नमस्कार कर." मग काकू माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "पुढच्या एप्रिलला शाळेत घालायचंय हिला."

तो हात गरम होता. मुठीत पूर्ण मावत होता. मी ओढलंही असतं.

तेवढ्यात पायाशी काहीतरी सरकलं.

कोनात्सु सँडल काढून केव्हाच वर घरात चढली होती. काकू गुडघ्यांवर बसून त्या लाल सँडल वळवत होत्या.

आत.

मी सार्नाईचा हात सोडला. माझी पोर उचलली आणि पळाले.

पोलीस तिथे चहा पिऊन आले. "लहान मुलगी आहे एक, मजेत आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सँडल परत आल्या, धुतलेल्या, आमच्याच दारात, टोकं आत. मी त्या कात्रीने कापल्या. आता आम्ही ओसाकाला असतो. साहेबांचा राग येतो, पोलिसांचा येतो, पण हात तर मीच सोडला.

तुमची पोर परक्या घरी राहून शिकत असेल, तर आजच फोन करा. कशी आहेस, विचारू नका. ती छानच म्हणेल.

बुटाचं माप विचारा.