एकतीस शहरं आणि एक टेबल

"ही सही कोणी केली?"

"मी."

"कधी?"

"आत्ताच... रिक्षात."

"मग शिक्काही रिक्षावाल्याकडूनच मारून घ्यायचा होता, मॅडम."

माधवीच्या कानांपर्यंत लाली चढली. ऑक्टोबरचं रणरणतं ऊन, उल्हासनगरच्या प्रांत ऑफिसबाहेरची झुंबड, आणि निळ्या ताडपत्रीखाली टेबल मांडून बसलेला हा नोटरी. तिशी नुकतीच ओलांडलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना जांभळी शाई. तिचं प्रतिज्ञापत्र त्यानं दोन बोटांनी तिच्याकडे परत सरकवलं होतं.

"मी स्वतः लॉ केलंय," ती म्हणाली.

"मग तर तुम्हाला ठाऊकच असेल. माणूस समोर, सही समोर, त्यानंतर शिक्का."

"अहो, तीच मी, तीच सही! वॉर्ड हेलिंग्टन या लॉ फर्ममध्ये काम करते मी. एकतीस शहरांत ऑफिसं आहेत आमच्या फर्मची."

"असतील की." त्यानं शांतपणे पेन पुढे केलं. "माझं हे एकच टेबल आहे. पण या टेबलावर सही समोरच होते."

रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. माधवीनं दातओठ खात पेन घेतलं आणि पुन्हा सही केली, चांगली लफ्फेदार. तो कागदाकडे बघत होता... आणि मग एकदाच, एकच क्षण, तिच्याकडे.

"पुरात पदवी गेली म्हणून नवीन प्रत हवी, असं लिहिलंय. खरंच?"

"मांजर्लीला घर आहे आमचं. पाणी छातीपर्यंत आलं. बाबांनी आधी म्हशी सोडल्या, मग आम्हाला बाहेर काढलं. पदवी कपाटातच राहिली."

"अनुक्रम बरोबर होता बाबांचा," तो गंभीरपणे म्हणाला आणि शिक्का मारला. टेबलावरच्या पाटीवर नाव होतं, 'अ‍ॅड. जितेश, नोटरी'. आडनावावर नेमकी कावळ्यानं कृपा केली होती.

घरी जाईपर्यंत ती त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती. कात्रपच्या वळणावर मात्र तिला म्हशींवरून हसू आलं, आणि मग ते आवरेना.

विद्यापीठानं पुढच्या आठवड्यात आणखी एक कागद मागितला. माधवी परत गेली. या वेळी सही न करता गेली. तिसऱ्या शनिवारी कुणीच काही मागितलं नव्हतं, तरी गेलीच.

"आज काय हरवलं?" जितेशनं विचारलं.

"काही नाही. इथलं दाल पकवान चांगलं असतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"मीच."

त्यानं पाटी उलटी करून ठेवली आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन प्लेट आणल्या. पकवान कुरकुरीत, डाळ वाफाळती, वर चिंचेचं पाणी. खाता खाता त्यानं विचारलं, "एवढ्या मोठ्या फर्ममध्ये तुम्ही नेमकं काय करता?"

"ऐरोलीच्या ऑफिसात बसून फर्मबद्दल लिहिते. आमची ताकद कशात आहे, नाव कशानं आहे, ते. दरवर्षी लंडनहून वकिलांच्या फर्मची क्रमवारी निघते ना, तिच्यासाठी."

"म्हणजे..." त्यानं पकवानाचा तुकडा हवेतच धरला, "फर्मचा लग्नाचा बायोडेटा लिहिता!"

"बायोडेटा काय!" माधवी फणकारली. "बँकांचे करार, बोटींची भांडणं, वीज प्रकल्प, लवाद... निम्मं जग चालतं आमच्या कागदांवर. आणि आम्ही लिहिलं म्हणून कुणी मानत नाही. आम्ही वीस अशिलांची नावं द्यायची, यादीवाले त्या वीसही जणांना फोन करून विचारतात."

"म्हणजे मुलाची चौकशी."

ती रागवायच्या बेतात होती, पण त्याचे डोळे हसत होते. ती म्हणाली, "ऐका तर. यंदा ग्रीसच्या एका बोटवाल्यानं काय सांगितलं ठाऊक आहे? 'मला केस ठोकायची होती. यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, लढू नका, बोट जाईल. फी सोडली, पण मला लढू दिलं नाही. म्हणून माझी बोट आज पाण्यात आहे.'"

जितेशनं प्लेट खाली ठेवली. चेष्टेचा सूर गेला. "मग तुमची फर्म खरंच मोठी आहे," तो म्हणाला. "शहरं किती ते सोडा. अशिलाला नाही म्हणणं... फार अवघड असतं ते."

माधवीला आजवर फर्मचं नाव ऐकून पुष्कळांनी 'वा!' म्हटलं होतं. कशाबद्दल वा म्हणायचं ते समजलेला हा पहिलाच. त्या क्षणी तिला तो आवडला, आणि आवडल्याचं स्वतःशी कबूल करायलाही तिनं वेळ लावला नाही.

तो मात्र काही बोलेना. रोज फोनवर 'टायपिंग...' दिसायचं, मग बंद व्हायचं, मग पुन्हा दिसायचं, आणि अखेर यायचं काय, तर 'जेवलात का?' असे चार महिने गेले.

तेवढ्यात भिवंडीचं स्थळ आलं. मुलाची तीन गोदामं. माधवीनं एक खोल श्वास घेतला आणि घरात सांगून टाकलं, मला एकजण आवडतो.

तिच्या बाबांचं, किसनरावांचं, पोरीच्या नोकरीवर भारी प्रेम. अख्ख्या मांजर्लीला त्यांनी फर्मची माहिती तोंडपाठ करून दिली होती. चहाच्या टपरीवर कुणी भेटलं, की सुरू. "आपल्या माधवीची कंपनी! एकतीस शहरं! बँका, बोटी, वीज आन् भांडनं, चारी बाजूंनी एक नंबर!" बोटवाल्याची गोष्ट तर नदीपलीकडच्या गावापर्यंत पोचली होती. अशा माणसाला जेव्हा कळलं, की मुलगा प्रांत ऑफिसबाहेर ताडपत्रीखाली बसतो, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"एकतीस शहरं कुठं आन् एक टेबल कुठं! मी लोकांना काय सांगू गं? नाय म्हंजे नाय."

"बाबा, चौकशी न करताच नाय?"

किसनराव अडकले. चौकशी न करता स्थळ मोडणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. "बरं, करतो चौकशी. मंग भिवंडीला होकार कळवतो," ते म्हणाले. आठ दिवसांनी भिवंडीची माणसं येणार होती.

माधवी शनिवारी टेबलापाशी गेली आणि सगळं सांगितलं. जितेशचे कान लालबुंद झाले. तिनं बॅगेतून फर्मचा फॉर्म काढला, तोच, क्रमवारीवाला. "तुमचा भरते," ती म्हणाली. "ऑफिसं?"

"एक. पावसात तीन फूट आत सरकतं."

"वकील किती?"

"एक. शिक्का एक. खुर्च्या दोन, पैकी एक डुगडुगते."

"ताकद?"

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

तिनं खाली मान घालून लिहिलं. काय लिहिलं ते मात्र त्याला वाचू दिलं नाही. "आता पाच नावं द्या. बाबा फोन करतील. चांगलं बोलणारी द्या हं!"

त्यानं चार नावं भराभर दिली. पाचव्याला थांबला, आणि म्हणाला, "चंदरशेठ. कॅम्प एक, पडद्याच्या कापडाचं दुकान."

"तुमचे मित्र?"

"छे. भरबाजारात शिव्या घातल्यात त्यांनी मला."

"अहो, वेड लागलंय का! बाबा नको म्हणायची कारणं शोधतायत, आणि तुम्ही—"

"चौकशी करायची तर पुरती करू दे. नाहीतर तो नुसता बायोडेटा होईल, माधवी."

पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं होतं. वाद तसाच सोडून तिनं पाचवं नाव लिहून घेतलं.

रविवारी सकाळी किसनराव चष्मा लावून ओट्यावर बसले. फोन स्पीकरवर. शेजारी माधवी, पदराची गाठ सोडत-बांधत तिची आई बकुळा. पहिल्या मोतीबाई निघाल्या, भाजी विकणाऱ्या. त्यांना जिना उतरवत नव्हता, तर वकीलच वही-शिक्का घेऊन तीन मजले चढून आला होता. "बोलला, मावशी, मानूस समोर पायजे ना, मग मीच येतो!" बाकीचे तिघंही भरभरून बोलले.

"चांगला हाय," किसनराव म्हणाले, "पन चांगली मानसं आपल्या आळीत पन हायेत." आणि त्यांनी पाचवा नंबर फिरवला. माधवीनं डोळे मिटले.

"कौन? जितेश वकील?" चंदरशेठचा सिंधी हेलाचा आवाज ओट्यावर घुमला. "सकाळी सकाळी त्याचं नाव नको काढू, साईं!"

किसनरावांनी माधवीकडे असं बघितलं, की ती उठून आतच जायला निघाली.

"का वो शेठ? काय केलंन?"

"अरे, माझा भाऊ इंदोरला. पाय मोडला होता. सही करून कुरियरनं कागद पाठवला. मी बोललो, वकीलसाब, शिक्का मारो. तर बोलतो, भाऊ समोर पाहिजे. माझा सख्खा भाऊ! मी डबल फी बोललो, तरी ना. मग काय, दिल्या शिव्या. भावाला गाडीत झोपवून आणावं लागलं!"

"मग तुमी त्याला सोडलाच आसंल."

"सोडला? पागल आहे काय! त्या दिवसापासून माझे सगळे कागद त्याच्याकडेच."

"आं? ते कसं काय?"

"सोपं आहे ना, साईं. जो मेरे को ना बोलता है, वो मेरे दुश्मन को भी ना बोलेगा. कोणी माझ्या नावानं खोटा कागद घेऊन गेला, तर त्या टेबलावर शिक्का मिळणार नाही. मी रात्री आरामात झोपतो. बोलो, अजून काय पाहिजे?"

किसनरावांनी फोन ठेवला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. माधवी दारातच थांबली होती.

"माधवी... त्यो बोटवाला काय बोलला व्हता गं, तुमच्या कंपनीला?"

"यांनी नाही म्हणून सांगितलं..."

"...म्हनून बोट पान्यात हाय." किसनराव स्वतःशीच मान हलवत राहिले. "येकच बात झाली की गं ही." मग त्यांनी फॉर्म उचलला आणि 'ताकद' या शब्दापुढची ओळ बोट ठेवून वाचली. माधवीनं तिथे लिहिलं होतं, 'नाही म्हणतो. म्हणून त्याच्या होयवर माझा विश्वास आहे.'

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून, माधवीला घेऊन टेबलापाशी हजर झाले. रांग होती, ते रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा म्हणाले, "मी माधवीचा बाप. कागद नाय आनला, शब्द आनलाय. आमच्याकडून व्हय."

जितेश इतका गडबडीनं उठला, की डुगडुगती खुर्ची पार आडवी झाली.

"थांबा!" माधवी म्हणाली. "बाबा, तुमचं होय झालं. पण मला अजून कुणी काही विचारलेलंच नाही!"

रांगेतले सगळे पुढे सरकले. जितेशनं एक कोरा कागद ओढला. "मी... लिहून देऊ?"

"आणि शिक्का कोण मारणार? स्वतःच्या कागदावर स्वतःचा चालतो?"

"नाही चालत."

"मग बोला. मी समोर आहे."

त्यानं घसा खाकरला. शाईची बोटं पँटला पुसली, आणखीच पसरली. "मी, जितेश, वय तेहतीस, धंदा वकिली... सत्यप्रतिज्ञेवर सांगतो, की त्या दिवशी मी तुम्हाला नियम म्हणून पुन्हा सही करायला लावली. पण नियम नसता ना, माधवी... तरी लावली असती." रांगेत हशा पिकला. तो थांबला नाही. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. लग्न कराल माझ्याशी? वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे खरा आहे."

माधवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायला तिनं हात पुढे करून सरळ शिक्काच उचलला. "करीन! आणा तो कागद, मीच मारते."

जितेशनं हळूच तिच्या मुठीतून तो सोडवून घेतला. बोटं मात्र सोडली नाहीत. "नाही," तो म्हणाला. "शिक्का नोटरीच्याच हातानं."

"बगा, बगा! आत्ता पन नाय बोलला!" किसनराव मांडीवर थाप मारून गडगडाटी हसले. छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

उन्हाळ्यात लग्न झालं. आता टपरीवर कुणी नवीन माणूस भेटला, की किसनराव चहा सांगतात आणि सुरू करतात, "आपल्या माधवीची कंपनी. बँका, बोटी, वीज, भांडनं. बत्तीस ठिकानी नाव हाय!"

"बाबा, एकतीस," माधवी म्हणते.

"आन् जावयाचं टेबल कोन मोजनार?"

आकडा चुकीचा आहे हे माधवीला चांगलं ठाऊक असतं, पण याला काही तिच्यानं नाही म्हणवत नाही.