बूट दाराबाहेर

कानाच्या डॉक्टरांकडे येणारी निम्मी माणसं ओरडून बोलतात आणि उरलेली नुसतीच मान डोलावतात. साळूला दोन्हींची सवय होती. साळू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी साळुंकीसारखी अखंड बडबड करायची म्हणून वडिलांनी ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलंच. दवाखान्याच्या दाराशी उंच टेबलामागे बसून ती एकेका पेशंटला हाक मारायची. त्या दिवशी तिने हाक मारली, तर एक तरुण डॉक्टरांच्या खोलीकडे जायचं सोडून सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. एका कानात कापसाचा बोळा.

"पुन्हा बोलाल?"

"तुमचा नंबर आलाय. आत जा."

"अजून थोडं… काहीही. जरा मोठं वाक्य."

"अहो, आत जा, नाहीतर तुमच्यामागचे आजोबा जातील आणि मग बसाल तासभर हात चोळत! झालं एवढं मोठं?"

"झालं," तो म्हणाला, आणि असा काही हसला की साळूने उगाचच समोरचे कागद सारखे केले. "सध्या एकाच कानाने ऐकतोय. तरी सांगतो, पुस्तक वाचायला हाच आवाज हवा."

तो पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका स्टुडिओत कामाला होता. भिंतीपलीकडची पालसुद्धा त्याला ऐकू येते म्हणून तिथे सगळे त्याला कानसेन म्हणत. आणि आता सर्दीने नेमका कानसेनाच्याच कानाला दडा बसलेला! साळू दिवसभर आठवून आठवून हसत होती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला जाणवलं, की त्याने तिला फक्त टेबलाच्या वरच पाहिलं होतं.

कारण टेबलाच्या खाली साळूचे बूट होते. लहानपणी तिच्या डाव्या पायाचं हाड मोडलं, ते पुढे नीट वाढलंच नाही. पाय आखूड राहिला. डाव्या बुटाचा तळ चांगला तीन बोटं जाड, त्यावर पायघोळ कपडे. बूट घातले की ती सरळ चालायची, काढले की प्रत्येक पावलाला एका बाजूला कलायची. आई आणि ताई सोडून तिला अनवाणी कोणी पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला एकाने पाहिलं होतं. तो फार गोड बोलायचा. त्याच्यासमोर तिने एकदा विश्वासाने बूट काढले. "अगं, काहीच कळत नाही," असं तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यापासून जो कामात बुडाला तो बुडालाच.

स्टुडिओ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होता, पत्र्याच्या छपराखाली. सगळी जमीन लाकडी फळ्यांची. एक पुस्तक वाचायला त्याने बोलावलं, तशी दवाखाना सुटल्यावर साळू जिना चढून गेली आणि दारातच थबकली. पाटी होती – बूट-चपला बाहेर.

"माइकला सगळं ऐकू येतं," कानसेन म्हणाला. "इथे मालकीणबाईसुद्धा अनवाणी असतात. काढा ना."

"मला… जमिनीचा गारवा बाधतो."

थाप मारायला वेळ लागत नाही, निस्तरायला लागतो. दुसऱ्या दिवशी कानसेनाने तिच्यासाठी जाड लोकरीचे मोजे आणले. दोन्ही अगदी सारखे. ते हातात घेताना साळूला हसू की रडू असं झालं.

"रंग आवडला नाही का?"

"आवडला. पण… नको. खरंच नको."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता खुर्चीखाली एक उशी टाकली, बुटांसकट पाय ठेवायला.

आणि वाचन सुरू झालं. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो. ती चुकली की त्याची एक भुवई वर जायची, छान वाचलं की तो डोळे मिटून घ्यायचा. पाऊस आला की पत्रा ताशासारखा वाजायचा, मग काम बंद आणि गप्पा सुरू.

"हा पाऊस तुमच्या ओळखीचा दिसतो," ती म्हणायची. "बरोबर माझ्याच वेळेला येतो."

"वशिला लावलाय मी," तो म्हणायचा, आणि तिच्या कपात अजून थोडा चहा ओतायचा.

प्रेमात पडलेल्या माणसाला वाटतं, आपलं कोणाला कळत नाही. साळूलाही तसंच वाटत होतं. फक्त जाताना ती नेहमी म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." जिना उतरताना बूट घालूनही ती कलायची, ते त्याने मागून पाहायला नको होतं.

पुस्तक अर्धं झालं आणि मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून एक तुकडा ऐकवला. वाक्याच्या मधोमध स्पष्ट ऐकू आलं – कर्रर्र. बुटाचं चामडं.

"कानसेन, हे तुमच्या कानातून सुटलं?"

"सुटलं. चूक माझी."

लहान मुलांच्या गोष्टी वाचणाऱ्या मावशी तिथेच होत्या. त्यांना संधिवाताचा त्रास. "माझे गुडघे थंडीत बोंब मारतात, तरी मी अनवाणी," त्या म्हणाल्या. "नियम काय फक्त आमच्याच तळपायांना आहे?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मालकीणबाईंनी निकाल देऊन टाकला. उद्यापासून बूट नाहीत. जमत नसेल तर पुस्तक दुसरं कोणी वाचेल. "आणि कानसेन, असलं पुन्हा ऐकू आलं, तर मला तुमच्याही जागी माणूस बघावा लागेल."

जिन्यात मावशींनी साळूचा दंड धरला. "रागावू नकोस पोरी. पण तुला ठाऊक आहे का? तुझ्या पानापानाला ती करकर आहे. आम्ही सगळे घरी जातो आणि तो एकटा बसून एकेक करकर कापत असतो. कोणाला कळू नये म्हणून."

साळू घरी आली आणि भरल्या ताटावर नुसती बसून राहिली.

"सांगून टाक की त्याला," ताई म्हणाली.

"त्याला माझा आवाज आवडलाय, ताई. आवाजाला पाय नसतात."

"आणि नुसता आवाजच हवा असेल, तर असला माणूस काय चुलीत घालायचाय?"

"उद्या जाऊन नाही म्हणून येते. त्याची नोकरी तरी राहील."

"आणि तू?"

साळूने ताट बाजूला सारलं. पाणी पिऊन ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा पाऊस कोसळत होता. मावशी आल्या नव्हत्या, मालकीणबाई खालच्या मजल्यावर. कानसेन काचेपलीकडे एकटाच, कानाला हेडफोन लावून तिचंच वाचन ऐकत बसलेला. डोळे मिटलेले… अगदी दमलेला चेहरा. मग त्याची भुवई हलली. त्याने यंत्र थांबवलं, मागे नेलं, एक करकर कापली आणि पुन्हा डोळे मिटले.

नाही म्हणायला आलेली साळू दारातच उभी राहिली. तिला भयंकर भीती वाटत होती. तरी खाली वाकून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या. तिने आधी उजवा बूट काढला. मग डावा. दोन्ही दाराबाहेर शेजारी ठेवले आणि ती आत आली.

त्याने डोळे उघडले. ती चालत होती, एका बाजूला कलत, सावरत, पुन्हा कलत. एवढीशी खोली… पण संपेना. तिने मान खाली घातली नाही. त्याच्याकडेच बघत राहिली, कारण तो कुठे बघतो हे तिला पाहायचं होतं. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग हेडफोन काढून तो काचेच्या अलीकडे आला.

"जरा उजवीकडून ये," तो पहिल्यांदाच एकेरीत म्हणाला. "ती मधली फळी वाजते."

ती उजवीकडून आली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"आता कळलं?"

"कळलं. आणि मी तुला मोजे आणून दिले! गाढव आहे मी."

"बोल ना मग. सगळे म्हणतात तसं म्हण. काहीच कळत नाही, अजिबात दिसत नाही…"

"दिसतं की," तो म्हणाला. "लंगडतेस तू. का नाही दिसणार?"

साळूच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. आजवर ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांनी तिला मायेने खोटंच सांगितलं होतं. आणि या माणसाने सरळ सांगितलं, तेव्हा मनावरचं इतक्या वर्षांचं ओझं उतरलं.

"तू रडतेयस. मी चुकीचं बोललो का?"

"नाही. पुढे बोल."

"पुढे…" तो अडखळला. दुसऱ्यांची वाक्यं साफ करणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड सुचेना. "मला वाईट वाटलं. पायाचं नाही… म्हणजे पायाचंही, दुखत असेल म्हणून. पण तू इतके दिवस माझ्यापासून लपवत जिना उतरायचीस, त्याचं जास्त. मी तुला ओरडणार होतो. पण… तरी मला तू हवी आहेस."

पत्र्यावर पाऊस धो धो वाजत होता. साळूने डोळे पुसले.

"त्यातला 'तरी' काढ."

"काय?"

"काप तो. आणि पुन्हा म्हण."

तो तिच्या अगदी जवळ आला. फळ्यांवर दोघांचीही पावलं उघडी होती.

"मला तू हवी आहेस."

"हे ठेव," साळू म्हणाली.