तीन ठोक्यांचं उत्तर

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हसू नका. ही माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे, आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही. त्याला थाप मारताच येत नाही. मामी त्याला दुसऱ्या वाक्याला पकडते.

आणखी एक. हे रात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं. भुतांना रात्रच लागते, असं कुणी सांगितलं? थंडीचे दिवस होते आणि सकाळचं धुकं अजून उठलंच नव्हतं.

मामा खाणीच्या गाळबांधावर कामाला. दगड दळून धातू काढून घेतला की जो राखाडी गाळ उरतो, तो पाण्यासकट एका मोठ्या मातीच्या बांधामागे साठवतात. असा बांध थोडा पाझरतोच. मामाचं काम तो पाझर बघण्याचं. रोज बांधाच्या पायथ्याशी जायचं, काचेच्या बाटलीत पाणी धरायचं आणि उजेडात न्याहाळायचं.

पाणी नितळ, तर बांध ठीक.

पाणी गढूळ... तर बांध आतून पोखरला जातोय.

बांधाच्या खालीच कामगारांची वसाहत. पहिल्या ओळीत मामाचं घर, घरात मामी आणि रांगती पोर. बाटली वर धरताना मामा रोज श्वास रोखायचा.

बांधाच्या पोटातून एक जुना लोखंडी पाइप जात होता. पूर्वी वरचं पाणी त्यातून बाहेर काढायचे. असा पाइप पोकळ सोडला तर वरच्या वजनाने फुटतो आणि बांधच घेऊन जातो. म्हणून बांध उंच करताना तो सिमेंट भरून कायमचा बंद केला होता. ही मामा नोकरीला लागण्याआधीची गोष्ट.

पाइपात शिरण्याचा तेव्हा एक नियम होता. आत जाणाऱ्याने आपली टोपी पाइपाच्या तोंडाजवळच्या खुंटीला अडकवायची. सिमेंटचा पंप सुरू करण्याआधी मुकादमाने खुंटी बघायची, मग पान्याने पाइपावर तीन ठोके द्यायचे आणि कान लावायचा. आतून उत्तर आलं, तर पंपाला हात लावायचा नाही.

आत शिरून चिरा तपासणारा एक काडीसारखा माणूस होता. सगळे त्याला उंदीर म्हणायचे. पाइप भरला त्याच दिवसापासून उंदीर बेपत्ता झाला. "खुंटीला टोपी नव्हती, ठोक्यांना उत्तर नव्हतं," मुकादमाने सांगितलं. "पळाला असेल कुठेतरी." बायकोला टाकून पळाला, असं मग लोकही बोलू लागले. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मुकादमाचा पुढे साहेब झाला.

तर त्या दुपारी मामाने बाटली भरली. वर धरली...

पाणी राखाडी!

पाणी जुन्या पाइपाच्या कडेने येत होतं. त्याने फोन करून वसाहत रिकामी करायला सांगितलं आणि माणसं लावून पाण्यावर वाळू-खडीचे थर टाकायला घेतले. असा थर पाणी जाऊ देतो, पण माती अडवून धरतो. एरवी हमखास गुण येतो.

त्या दिवशी थर बसेचना. वाळू टाकली, की गिळली.

माणसं आणखी खडी आणायला ट्रककडे धावली आणि तेवढ्यात साहेब येऊन पोचले. ते जवळ आले, तसं पाणी जास्तच गढूळ झालं. दोन पावलं मागे सरले... पाणी जरा नितळलं. पुन्हा पुढे आले...

चिखल.

मग आवाज आला.

ठक्... ठक्... ठक्.

आतून.

"हवा अडकली असेल," साहेब म्हणाले. "जुने पाइप वाजतात."

"साहेब, त्यात भरीव सिमेंट आहे. हवा कुठून अडकणार?"

साहेब काही बोलणार, तेवढ्यात पाण्याने काहीतरी बाहेर फेकलं. मामाने उचलून पिळलं. लोकरीची पिवळी टोपी होती. हाताने विणलेली, आणि शेवटची ओळ हिरव्या लोकरीची. पिवळी पुरली नसावी.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही... ही तर मी जाळली होती."

मामाला आधी कळेना. मग कळलं, आणि अंगावर सर्रकन काटा आला.

"म्हणजे टोपी खुंटीला होती?"

"पंपातलं सिमेंट घट्ट व्हायला लागलं होतं रे. वरून सारखे फोन. ठोके आले, पण मला वाटलं हवाच असेल..."

"मग टोपी का जाळलीत?"



बांधाच्या उतारावरून मातीचं एक ढेकूळ घरंगळत आलं. मग दुसरं. खाली भोंगा वाजत होता, पण धुक्यात वसाहत दिसत नव्हती. मामी बाहेर पडली की नाही, कळायला मार्ग नव्हता. मामा पाइपावर ओरडला, "उंदरा, माझी पोर आहे रे खाली! तिने तुझं काय वाकडं केलंय?"

सगळं शांत झालं.

आणि मग... सावकाश...

ठक्. ठक्. ठक्.

मामाने पाना साहेबांच्या हातात कोंबला. भीतीपेक्षा त्याला आता राग आला होता. "तो तुम्हाला विचारतोय. तेव्हा दिलं नाहीत, आता द्या उत्तर!"

साहेबांनी पाइपावर तीन ठोके दिले.

पाण्याचा जोर एकदम ओसरला. मामाने वाकून बाटली भरली, वर धरली. स्वच्छ, नितळ पाणी!

"साहेब, बघा!" म्हणत तो वळला...

मागे कुणीच नव्हतं.

पाना चिखलात पडला होता. गंजलेल्या खुंटीला साहेबांचं पांढरं हेल्मेट अडकवलेलं होतं आणि ते हलत होतं. पाइपाचं तोंड सिमेंटने गच्च होतं, बोट जायलाही जागा नाही. गाडी जिथल्या तिथे उभी, ड्रायव्हर आत बसलेला. त्याने कुणालाच परत येताना पाहिलं नाही.

पुष्कळ शोधलं. काही हाती लागलं नाही.

मामाने टोपी उंदराच्या बायकोला नेऊन दिली. तिने हिरव्या ओळीवरून बोट फिरवलं. "पळाला नव्हता," एवढंच म्हणाली आणि खूप रडली. मग म्हणाली, जागा दाखवा.

दोघं पाइपापाशी गेले, तर आतून आवाज येत होता. या वेळी तीनच ठोके नव्हते. घाईचे, वेडेवाकडे, थांबतच नव्हते.

मामा नियमाचा पक्का. उत्तर द्यायला त्याने पाना उचलला.

तिने त्याचा हात धरला.

"राहू द्या, भाऊजी. माझ्या माणसानेही असंच ठोकलं असेल."

मामाने पाना खाली ठेवला.

पाइपाचं पाणी आजही नितळ आहे. मामा रोज बाटली भरायला जातो... फक्त जाताना कानात कापूस घालतो.