दोन बोटं कमी

टक्... खर्र. टक्... खर्र.

फरशीवरच्या त्या आवाजाने सकाळची शांतता मोडली. लेक उठली होती. तिचा नकली पाय आता आखूड पडत होता — म्हणजे पाय तेवढाच होता, लेक वाढली होती. चांगली दोन बोटं.

दोन वर्षांपूर्वी शाळेमागच्या मैदानात सुरुंग फुटला. लेकीचा पाय गेला आणि तिला उचलायला धावलेला बापही गेला. तेव्हापासून तिची आई सुरुंग काढणाऱ्या आणि नकली पाय देणाऱ्या संस्थेच्या कारखान्यात पायांचे चामडी पट्टे शिवत होती. त्या दिवशी ती नवा पाय मागायला तडक संस्थेच्या साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"बाई, एकदा पाय दिलाय. यादीत दुसऱ्यांदा नाव बसत नाही."

"मग पोरीला तसं कळवा ना, वाढू नकोस म्हणून!"

दारात कुणीतरी हसलं. मैदानातले सुरुंग काढणारा होता तो.

"हसायला काय झालं?" ती त्याच्यावर उखडली.

"काही नाही... बरं वाटलं ऐकून." त्याने गुडघ्यांना बांधायचे फाटके पॅड पुढे केले. "गुडघे फाटलेत."

"तुमचे?"

"अजून नाही. दिवसभर मातीपुढे टेकतो. उद्या आणखी कुणापुढे टेकायची वेळ आली तर... म्हटलं, आधी शिवून घ्यावेत."

"जीभ फार चालते. तीही शिवून देऊ?"

पण पॅडला तिने दुहेरी टाका घातला.

मग तो दर आठवड्याला काहीतरी घेऊन यायचा. एकदा तर धडधाकट हातमोजाच घेऊन आला.

"हा कुठे फाटलाय?"

"फाटेल की... आज ना उद्या."

एका रविवारी तो घरीच आला. तिने नुकतीच फरशी पुसली होती. तो उंबऱ्यावरच थबकला.

"आत या की."

"कामाची सवय आहे. जमीन चाचपल्याशिवाय पाऊल टाकत नाही." त्याने वर पाहिलं. "...टाकू?"

तिचे कान तापले. स्वतःचाच राग आला तिला. "ओली आहे. वाळू दे... मग बघू."

फरशी वाळायच्या आतच बातमी आली. देणगी बंद! देणगीदारांचं मन आता दुसरीकडे वळलं होतं. निम्मं मैदान साफ झालं होतं, मधोमध लाल दगडांची रांग होती आणि पलीकडचे सुरुंग तसेच. मात्र जाण्याआधी देणगीदार पाहुण्यांना मैदानावर फोटो हवा होता. साहेबांनी लाकडी पाटी रंगवून आणली — 'हे मैदान सुरक्षित आहे.'

"फोटोपुरती हो. नंतर काढू," साहेब म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "मुलीला तोच आखूड पाय घालून उभी करा. लंगडली की फोटो कसा बोलका येतो."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण तिच्याआधी तो बोलला.

"साहेब, आमच्यात एक रीत आहे. ज्याने जमीन साफ केली, त्याने लोकांदेखत आधी तिच्यावरून चालून दाखवायचं. लाल दगडांपर्यंत मी चालतो. पुढची जमीन तुमच्या पाटीने साफ केलीय... पुढे तुम्ही चाला."

साहेबांचा बूट जागचा हलेना.

"चला ना साहेब," ती म्हणाली. "फोटो कसा बोलका येईल!"

फोटो झालाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीही गायब झाली.

आणि तो तिच्या उंबऱ्यावर उभा होता. मागे रस्त्यावर त्याच्या टोळीचा ट्रक घुरघुरत होता. हातात लाकडी टाच होती, बरोबर दोन बोटं जाड. तिच्या तळाशी रंगवलेलं अर्धं अक्षर अजून दिसत होतं. तो उंबऱ्याबाहेरच, दारात आलेल्या लेकीपुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने टाच स्क्रूने घट्ट बसवली.

टक्. टक्. टक्. लेक घरभर चालली.

"हे किती दिवस पुरेल?" तिचा आवाज चढला. "सगळे असेच! येता, जीव लावता, अर्ध्यावर टाकून जाता!"

"मला दुसऱ्या मैदानावर धाडतायत. पण हे उरलेलं निम्मं माझं आहे. ज्याच्या त्याच्या दारात भांडेन, पण परत येईन. मैदानासाठी येईन आणि... तुमच्यासाठीही." तो अडखळला. "म्हणजे, चालणार असेल तर..."

ट्रकने हॉर्न दिला.

तिने डोळे पुसले — रागानेच. "फरशी वाळलीय," ती म्हणाली. "केव्हाच."

तो हसला. त्याने एक पाऊल आत टाकलं, तिचा हात क्षणभर घट्ट धरला आणि तो ट्रककडे धावत गेला.

धूळ बसेपर्यंत ती दारातच उभी होती. लेकीने तिचा पदर ओढला.

"आई, काका येईपर्यंत मी वाढलेच नाही, तर हा पाय पुरेल ना गं?"