कोरा सोडलेला चंद्र

ताईचा निरोप साधाच होता, येताना रंगांची पेटी आण. मी शाळेत चित्रकला शिकवते. म्हटलं, काहीतरी डागडुजी असेल. भर दुपारी गेले.

भावोजी पलंगावर पडून होते, महिनाभराच्या तापाने पार चिपाड झालेले. नजर मात्र समोरच्या भिंतीवर, स्वतःच काढलेल्या चित्राला खिळलेली. रानातलं तळं, काळी झाडं, वर पूर्ण चंद्र. चंद्र त्यांनी रंगवला नव्हता. तेवढा कागद कोरा सोडला होता. जलरंगात तसंच करतात. खोलीत औषधांचा वास होता, आणि त्याच्या आडून शेवाळाचा.

"सूर्य बघून माणसं घरी परततात," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "चंद्र बघून निघतात. चित्रात तो त्यासाठीच असतो."

"निघायचं मग बघू. आधी औषध घ्या," मी म्हटलं. एरवी हसले असते.

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "रोज म्हणतात, वाट उजळलीय. चित्र उतरवायला गेलं की ओरडतात... तू तो चंद्र बुजव गं. मला हे हवेत."

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण ताईने रंगांची पेटी उघडून माझ्यापुढे सरकवली. भावोजींचा डोळा लागल्यावर मी गडद निळा कालवला आणि चंद्र बुजवून टाकला.

संध्याकाळी ते चक्क उठून बसले. चहा मागितला. ताई हसत-रडत आत पळाली. त्यांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"बंद केलंस होय... असू दे. दुसरा आहे."

तापातली बडबड, मी मनात म्हटलं.

सकाळी ताईच्या किंकाळीने जागी झाले. भावोजी गेले होते. उशी कोरडी, चादर कोरडी, सदरा कोरडा. केस तेवढे चिंब.

मी भिंतीकडे वळले. आभाळातला चंद्र मी बुजवला होता. तळ्यात पडलेलं त्याचं बिंब तसंच होतं, पांढरंशुभ्र. पोरांच्या वह्यांत हीच चूक मी दरवर्षी दाखवते, आणि स्वतः मात्र विसरले.

रडतच मी कुंचला भिजवला. बिंबावर टेकवणार, तोच ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"नको... ह्यांना वर यायला आता तेवढंच उरलंय."

आम्ही दोघी बघत राहिलो. बिंबाच्या मधोमध एक बुडबुडा आला आणि फुटला. मग दुसरा.