गावाकडची पार्सलं

दार नुसतं लोटलेलं होतं. गॅस बंद. चहाच्या कपावर बशी झाकलेली. आणि सगुणा घरात नव्हती.

संपदानं बाथरूम पाहिलं, बाल्कनी पाहिली. लेकीला, सोनमला, स्कूलबसमध्ये बसवून ती परत आली होती, एवढंच. संपदा निघाली तेव्हा सगुणानंच आतून कडी लावली होती. "वळखीचा आवाज आल्याबिगर उघडायची नाय, वहिनी," असं ती रोज म्हणायची.

कडी शाबूत होती. म्हणजे आवाज ओळखीचा होता.

हॉलमध्ये सगुणाची बॅग उभी होती. रात्री तिचं मुंबईचं विमान होतं. बॅगेवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची पार्सलं, नावं लिहून, दोरी बांधून. त्यात सोनमचं लहानपणीचं झबलंही होतं. सगुणाच्या गुहागरकडच्या घरी दीड वर्षांचा मुलगा होता.

संपदानं एम्बसीत नागेशला फोन लावला.

*

भारतीय एम्बसीच्या लेबर सेक्शनचा नागेश अबू धाबीहून सरहद्दीवरच्या या शहरात गाडी हाणत आला. आठ महिन्यांपूर्वी दवाखान्यात आयाचं काम म्हणून आणलेली, पासपोर्ट काढून घेतलेली, एका घरातून दुसऱ्या घरात विकलेली सगुणा तिथून पळून संपदाकडे आसऱ्याला आली होती. तिला परत पाठवायची परवानगी मिळवायला त्यानं दोन महिने खर्ची घातले होते.

"पोलिसांकडे जाऊ या ना," संपदा म्हणाली.

"जाऊन सांगू काय? कोणाचं घर, कोणाचं नाव? परक्याच्या देशात एम्बसी दारं ठोठावत नाही, संपदा. चुकीचं नाव घेतलं तर वरून पत्र येईल आणि पुढच्या बाईची फाइल कोणी हातात धरणार नाही."

"पण तिला नेलं कशाला?"

"मुंबईत उतरली की ती पोलिसांपुढे एजंटला ओळखणार. परेश. आडनाव माहीत नाही, पण चेहरा तिला पाठ आहे." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "अंधार पडला की तिला पलीकडे बुरैमीत नेतील. चोरवाटेनं रस्ता ओलांडला की ओमान. ना चेकपोस्ट, ना शिक्का. मग एम्बसी दुसरी, कागद दुसरे. खलास."

समोरच्या फ्लॅटमध्ये बिलकीस कांदा चिरत होती. बातमी ऐकून तिनं सुरी खाली ठेवली.

"सकाळी कोणी दिसलं?"

"याकूबभाईंची टॅक्सी होती खाली. बाकी काचा काळ्या असलेली एक गाडी होती, पण तशा गाड्या काय इथं ढीगभर."

"दारात कोण आलं?"

"मी आतल्या खोलीत होते गं."

संपदाची नजर फ्रिजवर गेली. बाळाच्या दुधाचे डबे रचले होते. "हे तुझ्याकडे कोणासाठी?"

"कुंदाताईंचे. त्यांच्या बहिणीला बाळ झालंय ना चिपळूणला. काल संध्याकाळी ठेवून गेल्या. आमचा रफिक पुढच्या महिन्यात जातोय, त्याच्या बॅगेत टाक म्हणाल्या."

संपदा घरी परतली तोच याकूब स्वतःच वर आला. दापोलीचा माणूस, रात्री सगुणाला विमानतळावर तोच सोडणार होता.

"सकाळी खाली काय करत होतास?" नागेशनं विचारलं.

"टायर बदलत होतो, साहेब. आज ती लांबची खेप, म्हटलं आधीच बघून घेऊ."

"तिला खाली येताना पाहिलंस?"

"गाडीखाली डोकं होतं माझं." त्यानं नागेशकडे पाहिलं. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय. घ्या. पण बाबांना कालच फोन केलाय, दम्याचं औषध येतंय म्हणून. ते त्या बॅगेवर आहे. जी जाणारच नाही तिच्याकडे मी बापाचं औषध दिलं असतं?"

संपदा वळून बॅगेकडे बघत राहिली.

*

कुंदाताईंना संपदानं चहाला बोलावलं. नागेश खिडकीशी बसून होता. इथल्या मराठी मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या. आदल्या दिवशी सगुणाला आमटीभात घेऊन त्याच आल्या होत्या.

"बिचारी पोर," त्या बसत म्हणाल्या. "तो टॅक्सीवाला मला पहिल्यापासून बरा वाटत नव्हता."

"ताई, तुमची बहीण चिपळूणला. सगुणाचं गाव तिथून किती लांब?"

"जवळच. बसनं जाता येतं."

"गेला महिनाभर तुम्ही मंडळात प्रत्येकाला विचारताय, चिपळूणकडे कोणी जातंय का."

"मग? बाळाला दूध नको?"

"सगुणा आज जाणार होती. काल तिला जेवायला वाढून गेलात. आणि डबे पुढच्या महिन्यात जाणाऱ्या रफिककडे दिलेत."

कुंदाताईंनी कप खाली ठेवला. "दुःखी बाईवर कशाला ओझं टाकायचं?"

"मुंबईत बॅगा बदलताना बरणी फुटेल म्हणून मी नको म्हणाले, तरी तुम्ही मागे माझ्याकडे लोणचं दिलंत. इथून कोणी रिकाम्या हातानं गेलेलं तुम्हाला सहन होत नाही." संपदाचा आवाज मऊच होता. "या बॅगेवर सगळ्या बिल्डिंगचं काही ना काही आहे. फक्त तुमचं नाही. कारण ही बॅग गावी पोहोचणार नाही, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. परेश तुमचा कोण?"

कुंदाताईंनी पदर सावरला.

"डबे दिले नाहीत म्हणून मी गुन्हेगार?"

"पोलिसांना तेवढं पुरणार नाही," नागेश म्हणाला. "पण ती या बाजूला असेपर्यंत तुम्ही सांगितलंत, तर मी म्हणेन की एका भारतीय बाईनं मदत केली. ती पलीकडे गेली, तर तुमच्यासाठी मी काहीच म्हणू शकणार नाही. तुम्हीच ठरवा."

सूर्य कलत होता. मशिदीवरून असरची अजान आली.

"भाऊ माझा," कुंदाताई हलकेच म्हणाल्या. "परेश. म्हणाला, आत गेलो तर संसार बुडेल. मी दाराशी येऊन फक्त म्हटलं, एम्बसीची गाडी आली, सही करून लगेच वर ये. माझा आवाज ऐकून तिनं कडी काढली." त्यांनी डोळे मिटले. "इथंच हिली भागात व्हिला आहे. निळं गेट, शाळेच्या मागे."

नागेशचा हात फोनवर होताच.

*

पोलिसांच्या गाडीतून सगुणा उतरली तेव्हा तिच्या पायांत संपदाच्या घरातल्याच सपाता होत्या. संपदानं तिला जवळ घेतलं, पोरीला घेते तसं.

विमानाला थोडाच वेळ होता. याकूबनं गाडी चालू ठेवली होती. नागेशनं सगुणाला सगळं सांगितलं. सांगणं भाग होतं, मुंबईत तिलाच परेशला ओळखायचं होतं. ती ऐकत पार्सलं बॅगेत भरत होती.

सोनम दारात उभी. "मावशी, आर यू गोइंग टू युवर बेबी?"

सगुणानं मान हलवली. मग बिलकीसकडे वळली.

"ते चिपळूणचं डबे कुठं हायत?"

"असू दे गं ते," बिलकीस म्हणाली. "रफिक नेईल."

"त्याला महिना हाय. तान्ह्या पोरानं तवर काय प्यावं?"

तिनं कपडे बाजूला सारले, झबलं खाली अंथरलं आणि डबे एकेक करून त्यावर ठेवले, चेपू नयेत असे.