कोपराखाली चार बोटं

पितळी बिजागऱ्यांचा शेवटचा बॉक्स. त्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं एका उंच, भिजलेल्या माणसाच्या. श्रावणातली दुपार होती, रत्नागिरीत मारुती मंदिराजवळचं हार्डवेअरचं दुकान, बाहेर पावसाची झड. दोघंही सोडेनात.

"लोखंडी घ्या की," मी म्हटलं.

त्याने खिशातून एक वस्तू काढून काउंटरवर ठेवली. बिजागरी कसली, नुसता गंज. "ही लोखंडीच होती. पावस गावात घर आहे आमचं. समुद्राचा वारा थेट स्वयंपाकघरात येतो."

"मग बिजागऱ्या बदलून काय होणार? स्वयंपाकघरच बदला."

"कोण बदलून देणार?"

आता मी स्वयंपाकघरंच करून देते, हा काही माझा दोष नाही. मी माझं कार्ड पुढे केलं आणि बॉक्स आपल्याकडे ओढला. बिजागऱ्या तुमच्याच घरी लागतील, तोवर माझ्याकडे राहू देत, म्हटलं. तो हसला. ते हसू जरा जास्तच चांगलं होतं... पण कामाच्या माणसाने असल्या गोष्टी बघू नयेत.

त्याचं नाव देवदत्त. घरात तो आणि त्याचे वडील, आप्पा. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. कलमांची बाग आणि स्वयंपाक दोघं मिळून सांभाळत. स्वयंपाकघर बघितलं आणि मी कपाळावर हात मारला. कोणीतरी प्लायवूडची चकचकीत कपाटं बसवून दिली होती. पावसात ती फुगायची, दारं लागायची नाहीत, आत काळी बुरशी. मिठाचं पाणी झालेलं, पापड सादळलेले. आप्पा म्हणाले, चूल होती तेव्हा निदान मीठ तरी कोरडं राहायचं.

त्यांचं ते बोलणं मी उचललं. प्लायवूड सगळं बाहेर. चिऱ्याच्या भिंती, कडप्प्याच्या फळ्या, फणसाच्या लाकडाची जाळीची दारं म्हणजे वारा खेळता राहील. पश्चिमेची खिडकी लहान करून वर खोल छज्जा. कोपऱ्यात आप्पांसाठी चूल, आणि तिच्या उबेला मिठा-पापडांचं फडताळ.

दिवाळीनंतर केरूदादा गवंडी कामाला लागला. मी रत्नागिरीहून जाऊन-येऊन करायचे. गरज नसतानाही जायचे, कबूल करते. मला देवदत्त आवडायला लागला होता. पण तो बोलतोय कशाला! मी गेले की चहा पुढे करणार, माझ्या चपला उन्हातून सावलीत सरकवून ठेवणार, आणि गप्प.

इकडे आईने पुण्याचं एक स्थळ आणलेलं. पावसचं काम संपलं की सांगते, असं म्हणून मी लांबवत होते. माझी आई आजही बाबांचं नाव घेत नाही, नुसतं 'हे' आणि 'ह्यांचं'. मी त्यावरून तिला चिडवते, तर म्हणते, "तुझ्या तोंडून नवऱ्याचं नाव निघतं का बघू."

भिंती झाल्या तेव्हा पाऊस कुठला? मग आम्हीच तो पाडला. देवदत्तने फवारणीचा नवा कोरा पंप आणला आणि बाहेरून खिडकीवर पाणी मारायला लागला. मी आत उभी, एक थेंब येतोय का बघत.

"अजून जोरात," मी ओरडले. "झड अशी मिळमिळीत नसते!"

त्याने जोर केला. एक तावदान मीच उघडं ठेवलेलं होतं...

"अरे मेल्या, थांब!"

मी नखशिखांत भिजले. तो धावत आला, खांद्यावरचा पंचा पुढे केला, आणि दोघंही हसत सुटलो. त्या दिवसापासून आमचं 'अहो-जाहो' गेलं. पंचाही मी परत द्यायला विसरले.

त्याच संध्याकाळी मी फोनवर बोलत असताना केरूदादा म्हणाला, "ताई, वायच हितं उभ्या ऱ्हावा." मी उभी राहिले. त्याने भिंतीवर कोळशाची रेघ मारली. असेल कसल्या प्लगची, म्हणून मी विचारलंही नाही.

ओटा झाला तेव्हा माझं डोकंच फिरलं. देवदत्त त्यावर कांदा चिरत होता, पार दुमडलेला. ओटा चांगला वीतभर खाली! मी केरूदादाला बाहेर गाठून झापलं, हा काय ओटा म्हणायचा? त्याने शांतपणे तंबाखू मळली.

"माझी काय चूक? देवदादानंच सांगितलान, माप ताईंचं घे."

मी आत आले.

"कंबर मोडेल तुझी," मी म्हटलं.

"मोडू दे."

"माप कोणाचं दिलंस?"

सुरी थांबली. "केरूदादाने विचारलं, घरात कोण वावरणार त्याचं माप हवं... मला दुसरं नावच सुचलं नाही."

"मला विचारलंस?"

"तेवढं राहिलं." तो मान वर करेना. "आता विचारतो. येशील?"

"आणि रांधायचं मी?"

"रांधेन मीच. वाकून. तू नुसती... जवळ उभी राहा."

राग आला होता मला, खरंच. माझ्या नकाशात माझ्याच नकळत ढवळाढवळ! आणि तरी आनंद त्याहून मोठा. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. ओटा माझ्या कोपराखाली बरोबर चार बोटं. पाठीला जरासुद्धा वाक नाही. माझ्या आईच्या घरातही माझ्या मापाचा ओटा नव्हता.

मी खिडकीतून केरूदादाला हाक मारली. म्हटलं, समोरच्या भिंतीला अजून एक ओटा घालायचा, उंच.

"आनि त्याचं माप कोनाचं?" त्याने विचारलं.

"ह्यांचं," मी म्हटलं.

आणि मग जीभच चावली. केरूदादा हसत फुटपट्टी आणायला गेला. देवदत्तचे डोळे भरून आले होते. कांद्याने, असं तो अजून सांगतो.

मी आईला फोन लावला.